पालकांचे वय व गुणसूत्रदोष

माता-पित्याचे वय आणि शुक्राणूंचा दर्जा यांचा गर्भधारणेशी व अपत्याच्या गुणसूत्रांशी असलेला संबंध. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. स्त्रीबीजात व शुक्राणूत प्रत्येक जोडीतले एकच उतरते. ही वाटणी चुकली, की गर्भात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी येते. असे गर्भ बहुधा सुरुवातीलाच पडून जातात. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आली तर मात्र पुष्कळ गर्भ तगतात. तोच डाउन सिंड्रोम.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सारी बीजे तयार होतात आणि वाटणी अर्ध्यावर ठेवून थांबतात. चाळिशीत पाळीच्या चक्रात सुटणारे बीज चाळीस वर्षे ताटकळलेले असते. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी कोहेजिन प्रथिने तोवर झिजतात. म्हणून डाउन सिंड्रोमची शक्यता मातेच्या पंचविशीत साधारण १,२५० त १, पस्तिशीत ३५० त १, तर चाळिशीत १०० त १ होते. नवरा-बायकोची वये सहसा बरोबरीने वाढतात, त्यामुळे दोष कोणाच्या वयाचा हे कळणे सोपे नव्हते. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्ये दोन्ही वये वेगळी काढून दाखवली: भार मातेच्या वयाचा होता. तरीही अशी बरीच मुले तरुण मातांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणेच त्या वयात जास्त.

पुरुषाचे गणित निराळे. शुक्राणू वयात आल्यापासून अखंड बनत राहतात. एका खेपेला सुमारे ७४ दिवस लागतात. इथे बीज शिळे होत नाही, नकलेवर नक्कल होत जाते आणि चुका साचतात. आइसलँडमधील २०१२ च्या अभ्यासात पित्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे अपत्यात सुमारे दोन नवे जनुकीय बदल आढळले. अकाँड्रोप्लेजिया हा बुटकेपणाचा विकार याचे ठळक उदाहरण. पण तो जनुकातला बदल आहे, गुणसूत्रांची संख्या त्यात बिघडत नाही. संख्येच्या चुकांतही पिता अगदी नामानिराळा नाही. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलग्यात एक एक्स गुणसूत्र जादा असते; ते निम्म्या वेळा त्याच्याकडून येते. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीत दोनाऐवजी एकच एक्स असते; हरवलेले गुणसूत्र बहुधा त्याचेच असते.

वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल व आकार मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख ही खालची संदर्भमर्यादा आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरचे निश्चिंत होतात खरे, पण या तपासणीत गुणसूत्रे दिसतच नाहीत. संख्या फारच कमी असेल तर पुरुषाच्या रक्तातून गुणसूत्रे व वाय गुणसूत्रातील तुटी (गळालेले तुकडे) तपासतात. १९९२ पासून रूढ झालेल्या इक्सी तंत्राने एकच शुक्राणू बीजात सोडून गर्भधारणा साधते. अशी तूट असली तर ती मुलाकडेही जाते.

गर्भलिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्यात गर्भाच्या तपासणीला मुभा देणाऱ्या कारणांत गर्भवतीचे पस्तिशीपुढचे वय आहे, पित्याचे नाही. २०२१ च्या साहाय्यक प्रजनन कायद्याने मात्र इक्सीसारख्या उपचारांसाठी दोघांनाही वयाची मर्यादा घातली: स्त्रीला ५०, पुरुषाला ५५ वर्षे.