सॉलोमन दुरुस्ती

सॉलोमन दुरुस्ती : अमेरिकेतील एक संघीय कायदा. जी महाविद्यालये व विद्यापीठे सैन्यभरती अधिकाऱ्यांना आवारात येऊ देत नाहीत, त्यांचे संघीय अनुदान या कायद्याने रोखता येते. न्यूयॉर्क राज्यातून निवडून आलेले रिपब्लिकन प्रतिनिधी जेराल्ड सॉलोमन यांनी १९९४ मध्ये संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकाला ही दुरुस्ती जोडली. त्यावरून हे नाव रूढ झाले.

वादाचे मूळ विधी महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कार्यालयांत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस येल व हार्वर्ड यांसारख्या महाविद्यालयांनी आपल्या भेदभावविरोधी धोरणात वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला लैंगिक कलही घातला. १९९० मध्ये अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या संघटनेने सर्व सदस्य संस्थांना हाच नियम लावला. मुलाखती घ्यायला येणाऱ्या प्रत्येक मालकाने, मग ती वकिलांची मोठी फर्म असो वा सरकारी खाते, आपण भेदभाव करत नाही असे लिहून द्यायचे होते. सैन्याच्या कायदा विभागाला तसे लिहून देणे शक्यच नव्हते. समलिंगी व्यक्तींना सैन्यात आधीपासूनच मज्जाव होता. १९९३ मध्ये ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण आले. आपण समलिंगी आहोत हे उघड करणाऱ्याला नोकरी गमवावी लागेल, असे त्यात कायद्यानेच ठरवले होते.

सुरुवातीला फक्त संरक्षण खात्याचा निधी पणाला लागत असे आणि विधी महाविद्यालयांना तो फारसा मिळतच नव्हता. कायद्याची धार नंतर वाढली. १९९६ मध्ये शिक्षण, आरोग्य व श्रम खात्यांचा निधीही त्याच्या कक्षेत आला. पुढे विद्यापीठाच्या एका घटकाने दार बंद केले तरी संपूर्ण विद्यापीठाचे अनुदान जाईल, असा अर्थ लावला गेला. म्हणजे विधी महाविद्यालयाच्या निर्णयाची किंमत वैद्यकीय संशोधकाने आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने मोजायची. विद्यार्थ्यांना थेट मिळणारे अर्थसाहाय्य तेवढे वगळण्यात आले. या जोडणीमुळेच मोठ्या विद्यापीठांना प्रतिकार जवळजवळ अशक्य झाला. व्हरमाँट लॉ स्कूल मात्र दार बंद ठेवून राहिले. ते स्वतंत्र विधी महाविद्यालय असल्याने त्याच्या निर्णयाची झळ दुसऱ्या कोणाला लागणार नव्हती.

हार्वर्डने बरीच वर्षे मधला मार्ग धरला होता. भरती अधिकारी अधिकृत कार्यालयामार्फत न येता माजी सैनिक विद्यार्थ्यांच्या संघटनेमार्फत येत. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर संरक्षण खात्याला हे पुरेसे वाटेना. इतर मालकांना मिळते तशीच वागणूक हवी, असा आग्रह त्याने धरला. २००४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती अट कायद्यातच लिहिली.

२००३ मध्ये विधी महाविद्यालये व प्राध्यापक यांच्या ‘फेअर’ या संघटनेने न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात कायद्याला आव्हान दिले. नोव्हेंबर २००४ मध्ये तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने संघटनेची बाजू मान्य केली. तेव्हा हार्वर्ड विधी महाविद्यालयाच्या अधिष्ठाता एलेना केगन यांनी अधिकृत प्लेसमेंट कार्यालय भरती अधिकाऱ्यांना पुन्हा बंद केले. संघीय निधी जाण्याची वेळ आल्यावर वर्षभराच्या आत ते उघडावे लागले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयावरील त्यांच्या नियुक्तीच्या सुनावणीत सिनेटरांनी याच निर्णयावर त्यांना धारेवर धरले.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २००६ रोजी ‘रम्सफेल्ड विरुद्ध फेअर’ खटल्यात (रम्सफेल्ड हे तेव्हाचे संरक्षणमंत्री) आठ विरुद्ध शून्य मताने कायदा वैध ठरवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालाचा गाभा असा : भरती अधिकाऱ्याला खोली देणे ही कृती आहे, मतप्रदर्शन नव्हे, मुलाखत किती वाजता आणि कोणत्या खोलीत, एवढी सूचना लावल्याने महाविद्यालय सैन्याच्या धोरणाशी सहमत ठरत नाही, निषेध करायला ते मोकळेच आहे. सैन्य उभारण्याच्या अधिकारात काँग्रेस ही सक्ती थेटही करू शकली असती, मग अनुदानाची अट घटनाबाह्य कशी, असेही न्यायालयाने म्हटले. आमचा नियम सर्व मालकांना सारखाच आहे, सैन्याला आम्ही वेगळे काढलेले नाही, हा काही प्राध्यापकांचा युक्तिवादही टिकला नाही. धोरणाचे शब्द काय आहेत हे कायदा पाहत नाही, सैन्याला प्रत्यक्षात प्रवेश किती मिळाला हे पाहतो, असे उत्तर मिळाले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर हा निकाल खोडणे कठीण आहे. पण खटला संस्थेच्या अभिव्यक्तीचा झाल्यामुळे ज्याच्यासाठी धोरण केले होते तो विद्यार्थी त्यातून निसटला, ही उणीव मोठी आहे. गुण, शिफारसपत्रे सगळे जमेस असताना एका मुलाखतीच्या दाराशी आपल्याला थांबावे लागते आणि ती खोली आपल्याच महाविद्यालयाने दिलेली असते, या अनुभवाची दखल घ्यायला त्या मांडणीत जागाच नव्हती.

सुटका न्यायालयातून न होता काँग्रेसमधून झाली. ‘विचारू नका, सांगू नका’ रद्द करणाऱ्या कायद्यावर २२ डिसेंबर २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सही केली आणि २० सप्टेंबर २०११ पासून ते धोरण संपले. व्हरमाँटने दार उघडले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हार्वर्ड, येल व कोलंबियातून गेलेले अधिकारी प्रशिक्षण पथकही याच सुमारास परतले. सॉलोमन दुरुस्ती मात्र कायम आहे. २०२५ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या सैन्यसेवेवर पुन्हा बंदी आली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तूर्त लागू होऊ दिली. ज्या महाविद्यालयांच्या धोरणात लिंगओळखीलाही संरक्षण आहे, त्यांच्यापुढे तोच जुना पेच पुन्हा उभा राहिला.