चाल कोणाची, संयोजन कोणाचे? सचिनदेव बर्मन यांच्या उत्तरकाळाविषयीचा जुना घोळ

किशोरकुमारांच्या गाण्यांचा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही नाट्यगृहात असो, ‘आराधना’तले ‘रूप तेरा मस्ताना’ सुरू होण्यापूर्वी निवेदक आवाज खाली आणून एक गुपित सांगतो: पडद्यावर नाव वडिलांचे असले तरी हे गाणे खरे तर पंचमदांचे, म्हणजे राहुलदेव बर्मन यांचे आहे. प्रेक्षक माना डोलावतात, आणि सचिनदेव बर्मन यांच्या नावावरचे आणखी एक गाणे त्यांच्या मुलाच्या खात्यावर जमा होते. ‘आराधना’पासून सुरू झालेली ही वर्गवारी ‘प्रेम पुजारी’, ‘शर्मीली’, ‘गॅम्बलर’ असे चित्रपट गिळत ‘मिली’पर्यंत जाते. या हिशेबाने सचिनदेवांच्या शेवटच्या सहा वर्षांत त्यांच्याकडे दोन-चार रागदारी गाणी आणि स्वतःच्या आवाजातली एखाददुसरी हाक एवढेच उरते. उत्तरकाळातले सचिनदेव श्रेष्ठ की ‘प्यासा’, ‘बंदिनी’, ‘गाईड’चे सचिनदेव श्रेष्ठ, या वादात दोन्ही बाजूंचे रसिक हा हिशेब गृहीत धरून बोलतात, त्यामुळे वाद पुढे सरकत नाही. या घोळाच्या मुळाशी गाण्याची चाल आणि गाण्याचे संयोजन या दोन गोष्टींची सरमिसळ आहे.

चाल म्हणजे काय हे मराठी श्रोत्याला समजावण्याची गरज नाही. पेटी पुढे ओढून, मुखडा आणि अंतरा गाऊन दाखवला की जे ऐकू येते ती चाल. संयोजनाची मात्र आपल्याकडे फार थोडे लोक दखल घेतात. गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा, दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे, गायकाने श्वास घेतला की मागून येणारा फिलर, ठेका कोणत्या वाद्यांवर वाजेल, व्हायोलिनचा ताफा गायकाच्या बाजूने जाईल की त्याच्याविरुद्ध, आणि गाणे कोणत्या स्वरावर संपेल, हे सारे संयोजन. मुंबईच्या चित्रसृष्टीत हे काम करणारी माणसे वेगळी असत. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदामागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा होते, हे जाणकारांना ठाऊक आहे. पण म्हणून शंकर-जयकिशन यांच्या चाली सेबॅस्टियन यांच्या नावावर कोणी चढवत नाही. हा विवेक सचिनदेवांच्या बाबतीतच का हरवतो, याचे उत्तर सचिनदेवांमध्ये नाही, ते राहुलदेवांच्या संगीतात आहे.

राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत चाल आणि संयोजन वेगळे काढता येत नाही. ‘कारवाँ’मधले ‘पिया तू अब तो आजा’ किंवा ‘अपना देश’मधले ‘दुनिया में लोगों को’ नुसत्या पेटीवर म्हणून पाहा. तो श्वासांचा खेळ, तो ठेका आणि त्या मधल्या जागा काढून घेतल्या, तर हाती येते ते गाण्याचे अर्धे शरीरही नव्हे. राहुलदेव चाल बांधतानाच ताल आणि वाद्यांचा रंग यांचा विचार करत, हे त्यांच्या प्रतिभेचे वैशिष्ट्यच आहे. त्यांच्या संगीतावर वाढलेल्या श्रोत्याला नकळत एक सवय लागते: गाण्याचा रंग ज्याचा, गाणे त्याचे. ही सवय राहुलदेवांच्या गाण्यांना लागू पडते. हीच सवय वडिलांच्या गाण्यांवर लादली की घोटाळा होतो, कारण सचिनदेवांची पद्धत नेमकी उलटी होती. त्यांची चाल वाद्यांवाचून पूर्ण असे, आणि वाद्ये तिच्या पाठीमागे उभी राहत.

‘रूप तेरा मस्ताना’च जवळून पाहू. या गाण्याचा जो ‘आधुनिक’ परिणाम आपल्या मनावर ठसला आहे, तो कशाने झाला? केर्सी लॉर्ड यांच्या अ‍ॅकॉर्डियनने, सॅक्सोफोनने, त्या दबक्या, लयीत श्वास घेणाऱ्या ठेक्याने, किशोरकुमारांच्या आवाजातल्या कुजबुजीने आणि दिग्दर्शक शक्ती सामंत यांनी ते एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केल्याने. यांतली एकही गोष्ट चालीत मोडत नाही. आता ही सगळी बाजूला सारून मुखडा पेटीवर वाजवा. मोजक्या स्वरांत फिरणारे छोटे छोटे तुकडे, पहिल्या तुकड्याला जवळजवळ तसेच उत्तर देणारा दुसरा, आणि मग किंचित लांब ओळीने खाली उतरून मूळ जागी येणे: ही बांधणी लोकगीताची आहे. एखादी बाई दळताकांडताना म्हणू शकेल इतकी ती सोपी आहे. कोमिल्लात जन्मलेल्या, बंगालच्या मातीतली गाणी गळ्यात घेऊन मुंबईला आलेल्या माणसाच्या सवयी या चालीत स्पष्ट दिसतात. त्या काळी वडिलांचे सहायक असलेल्या राहुलदेवांचा हात गाण्यावर नक्कीच फिरला आहे आणि तो फार कसबी हात आहे. परंतु तो अंगरख्यावर फिरला, अंगावर नाही.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की इतके पाश्चात्त्य वळण साठीच्या म्हाताऱ्याला कसे सुचेल. हा प्रतिवाद मला विशेष खटकतो, कारण त्यात सचिनदेवांच्या आधीच्या कामाविषयीचे अज्ञान उघडे पडते. १९५१ च्या ‘बाज़ी’मध्ये ‘तदबीर से बिगड़ी हुई तक़दीर बना ले’ हे गझलेच्या वळणाचे काव्य त्यांनी गिटारच्या साथीने क्लबमधल्या गाण्याच्या ढंगात बसवले आणि गीता दत्त यांच्याकडून ते असे गाऊन घेतले की ऐकणारे चकित झाले. राहुलदेव यांचा जन्म १९३९ चा, म्हणजे तेव्हा ते बारा वर्षांचे होते. १९५८ च्या ‘चलती का नाम गाड़ी’बद्दल तर वेगळे काही सांगायलाच नको. पाश्चात्त्य रंग ही मुलाची खूण आणि राग किंवा लोकधून ही बापाची खूण, ही विभागणी दोन्ही दिशांनी खोटी पडते. ‘बीती ना बिताई रैना’ आणि ‘रैना बीती जाए’ ही रागदारीतली गाणी राहुलदेवांचीच आहेत.

तरीही लोक ‘शर्मीली’सारख्या एकाच चित्रपटाचे दोन तुकडे करतात: पटदीप रागातले ‘मेघा छाये आधी रात’ वडिलांचे, आणि ‘ओ मेरी शर्मीली’ मुलाचे. याला पुरावा काय, तर कानाला तसे वाटते. मला विचाराल तर ‘खिलते हैं गुल यहाँ’ या गाण्यात उत्तरकाळातले सचिनदेव जितके शुद्ध भेटतात तितके क्वचितच कुठे भेटतात. गीतकार नीरज यांचे शब्द, ओळीच्या शेवटी सोडलेली मोकळी जागा, अंतऱ्यात उगाच वरच्या पट्टीत न चढण्याचा संयम; हे सगळे ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’पासून ओळखीचे आहे. साज बदलला, एवढेच.

सहायक म्हटला की चाल त्याचीच असणार, हा न्याय लावायचाच असेल तर तो सरसकट लावावा. ‘अभिमान’ (१९७३) या चित्रपटाला सचिनदेवांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्या वेळी राहुलदेव स्वतःच्या चित्रपटांत आकंठ बुडालेले होते. ‘कटी पतंग’, ‘हरे रामा हरे कृष्णा’ आणि ‘अमर प्रेम’ येऊन गेले होते आणि वडिलांच्या पेटीशेजारी बसायला त्यांना सवड नव्हती. या काळात सचिनदेवांच्या पत्नी मीरा देव बर्मन त्यांच्या सहायक होत्या, आणि मराठी रसिकांना पुढे ‘अष्टविनायक’मुळे घरोघरी माहीत झालेली अनिल-अरुण ही जोडी, म्हणजे अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल, त्यांच्याकडे काम करत होती. अनुराधा पौडवाल यांनी ‘अभिमान’मध्ये संस्कृत श्लोक गायला तो याच नात्याने. मग ‘पिया बिना’ मीराताईंचे आणि ‘मीत ना मिला रे मन का’ अनिल-अरुण यांचे, असे एखादा निवेदक का सांगत नाही? त्याआधी जयदेव आणि गोव्याचे एन. दत्ता हेही सचिनदेवांचे सहायक होते आणि दोघेही पुढे मोठे संगीतकार झाले, पण त्यांच्या नावावरही पन्नाशीच्या दशकातली गाणी कोणी चढवत नाही. म्हणजे सहायक जितका प्रसिद्ध तितका त्याचा वाटा मोठा, असा हा न्याय आहे. अनिल-अरुण यांच्या कामाचा आदर करायचा असेल तर ‘अभिमान’ची वाद्यरचना कान देऊन ऐकावी, तिथे साज किती हलका ठेवला आहे आणि लताबाईंच्या आवाजाभोवती किती जागा सोडली आहे ते पाहावे; चाली त्यांच्या नावावर करून तो आदर होत नाही.

शिवाय या चित्रपटातले ‘तेरे मेरे मिलन की ये रैना’ रवींद्रनाथांच्या एका गीतावर बेतलेले आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिथे चालीचे श्रेय वाटायचेच असेल तर ते कोलकात्याच्या दिशेने जाते, मुंबईच्या नाही.

उलटे उदाहरण तर याहून बोलके आहे. ‘अमर प्रेम’मधले ‘डोली में बिठाई के’ हे गाणे सचिनदेवांनी स्वतः गायले आहे. आवाज त्यांचा, ढंग त्यांचा, सारी हवा बंगालच्या नदीकाठची. पण संगीतकार म्हणून नाव राहुलदेवांचे, आणि ते बरोबर आहे. वडिलांच्या सावलीत बांधलेली मुलाची चाल मुलाचीच मानायची आणि मुलाच्या मदतीने सजलेली वडिलांची चाल मात्र वडिलांची मानायची नाही, ही तऱ्हा मला कधी कळलेली नाही.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. पार्श्वसंगीत अनेकदा वेगळ्याच माणसांच्या हातचे असे, तेव्हा त्यावरून गाण्यांचा निवाडा करू नये. किशोरकुमारांना सचिनदेवांकडे आणले राहुलदेवांनी, ही तर निव्वळ दंतकथा आहे; ‘मुनीमजी’ (१९५५), ‘पेइंग गेस्ट’ (१९५७), ‘तीन देवियाँ’ (१९६५), ‘ज्वेल थीफ’ (१९६७) ही नावे वाचली तरी ती संपते. ‘आराधना’त मोहम्मद रफी यांची दोन युगुलगीते आहेत, त्यावरून रफींची गाणी वडिलांची आणि किशोरकुमारांची मुलाची असा अर्थ लावायचा तर लावावा, पण ‘गाईड’मध्ये रफी यांच्या गाण्यांच्या रांगेत ‘गाता रहे मेरा दिल’ किशोरकुमारांचे होते, हे विसरून लावू नये.

आता दुसऱ्या बाजूचे खरे ते मान्य केले पाहिजे. राहुलदेवांनी वडिलांना काही चाली खरोखरच दिल्या, असे त्या काळच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. ‘फंटूश’मधल्या ‘ऐ मेरी टोपी पलट के आ’ची गोष्ट तर फार प्रसिद्ध आहे. ‘प्यासा’तल्या चंपी-मालिशच्या गाण्याबद्दलही तसे सांगितले जाते. या गोष्टी खऱ्या धरल्या तरी त्या एकेका गाण्याच्या आहेत, आणि लक्षात घ्यावे की त्या १९५६-५७ च्या आहेत. ज्या काळाबद्दल असे ठोस किस्से आहेत तो काळ लोक बिनदिक्कत सचिनदेवांना देऊन टाकतात, आणि ज्या काळाबद्दल ‘अहो, ऐकूनच कळतं’ एवढाच आधार आहे तो मुलाला देतात.

मग उत्तरकाळाची प्रतवारी कशी करावी? माझे मत ठाम आहे: लोकप्रियतेत ‘आराधना’ सर्वांत पुढे असली तरी गुणवत्तेत ती ‘अभिमान’ आणि ‘शर्मीली’ यांच्या खाली येते. ‘कोरा काग़ज़ था ये मन मेरा’ सोडले तर तिची बरीचशी जादू सजावटीत आणि राजेश खन्ना यांच्या मान डोलावण्यात आहे. ‘सफल होगी तेरी आराधना’ला मात्र हे लागू नाही, ते गाऊन सचिनदेवांनी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, आणि त्या गाण्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही. ‘तेरे मेरे सपने’कडे दुर्लक्ष झाले याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. ‘जैसे राधा ने माला जपी’ची चाल इतकी निराभरण आहे की तिच्यात कोणाचा हात शोधायला जागाच नाही, आणि कदाचित म्हणूनच या वादात तिचे नाव निघत नाही. ‘जुगनू’चा आग्रह धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ते धंद्याचे काम होते आणि तसेच ऐकावे.

‘मिली’ (१९७५) हे एकच प्रकरण असे आहे की जिथे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. ‘बड़ी सूनी सूनी है’ची तालीम करून घेतल्यानंतर सचिनदेव कोमात गेले आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. गाण्याचे ध्वनिमुद्रण राहुलदेवांच्या देखरेखीखाली पुरे झाले. म्हणजे चाल तालमीपूर्वीच बांधून झाली होती, ती किशोरकुमारांच्या गळ्यात बसवली गेली होती, आणि प्रत्यक्ष मुद्रणात वाद्यांचा तोल कसा राहील हे मुलाने पाहिले. या गाण्यात चालीचे श्रेय एकाचे आणि ध्वनिमुद्रणातल्या निर्णयांचे श्रेय निदान काही अंशी दुसऱ्याचे, असे म्हणता येते, कारण इथे तारखा आणि घटना हाताशी आहेत. सचिनदेवांच्या मृत्यूनंतर पडद्यावर आलेले ‘बारूद’ आणि ‘त्याग’ मात्र मी या हिशेबात धरत नाही, आणि त्यांच्यावरून ‘म्हातारा शेवटी संपला होता’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी ‘मिली’तले ‘मैंने कहा फूलों से’ ऐकावे.