दोनशे फुलांचं एक पाकीट

शिवडीला आमच्या गच्चीवर यंदा रंगाच्या रिकाम्या डब्यांत दोन वाणांची कपाशी लावली. सगळं आयुष्य कॉटन ग्रीनच्या गोदामांशेजारी गेलं, पण कपाशीचं फूल इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. सकाळी दुधी रंगाचं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. पराग जड आणि चिकट, वाऱ्यावर फारसा जात नाही. त्यामुळे फूल बहुतेकदा स्वतःच्याच परागावर फळतं.

दोन वाणांचा संकर करायचा तर ही सवय मोडावी लागते. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची. अंगठ्याचं नख बुडाशी लावून पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, आतली स्त्रीकेसराची दांडी शाबूत ठेवायची. माझ्या पहिल्या दोन कळ्यांना नख खोल लागलं आणि त्या गळून पडल्या. मग कळीला कागदाची टोपी, सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग, आणि ओळखीसाठी देठाला दोरा. एवढ्या खटाटोपातून एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या मिळतात. संकरित बियाण्याच्या एकरभर पेरायच्या पाकिटात सुमारे 5,000 सरक्या धरल्या, तर त्यामागे पावणेदोनशे-दोनशे फुलं आली. बीजोत्पादनाच्या शेतांत हे काम मुख्यतः बायकांचे हात करतात.

या पद्धतीनेच 1970 मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेलांनी 'संकर-4' दिला, व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस. दोन वर्षांनी धारवाडहून 'वरलक्ष्मी' आली. तिच्यात दोन वेगळ्या प्रजाती एकत्र आणल्या होत्या, लांब धाग्यासाठी. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत 1924 पासून मोजतात तो हाच धागा: किती लांब, किती तलम, किती चिवट.

संकराला जोम येतो कुठून? प्रत्येक वाणात काही जनुकं अधू असतात. दोन्ही पालकांची अधू जनुकं वेगवेगळी असली, की एकाची उणीव दुसऱ्याचं सुदृढ जनुक झाकतं. पण ही जुळणी पहिल्या पिढीपुरतीच. संकराचीच सरकी पुन्हा पेरली की जनुकांच्या या जोड्या फुटतात, निम्म्या ठिकाणी दोन्ही जनुकं पुन्हा सारखीच येतात आणि शेतात झाडं उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी निघतात. म्हणून दरवर्षी नवं पाकीट.

महाग बी म्हणून ते विरळ टोबलं जातं, झाड मोठं आणि लांब मुदतीचं होतं. बागायतीत हे शोभतं. विदर्भ-मराठवाड्याच्या हलक्या कोरडवाहू रानात मात्र पाऊस परततो तेव्हा बोंडं अजून भरायचीच असतात, आणि पुढे गुलाबी बोंडअळी टपलेली असते. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया सरळ वाण, म्हणजे संकर नसलेले, दाट पेरतात. त्यांची हेक्टरी रुई आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. झाडाचा जोम आणि एकराचं उत्पन्न या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, आणि आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला लवकर येणारं, घरी राखता येईल असं सरळ बियाणं मिळायलाच हवं.

गच्चीवर दोरा बांधलेल्या सात कळ्यांपैकी तीन धरल्या आहेत. त्यांची सरकी जूनमध्ये लावीन, सरळ वाणाच्या शेजारच्याच डब्यात.