नाटकाला जाताय? तासभर आधी निघा
(गट बुकिंग करणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती)

भिशी मंडळं, सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यासाठी पुण्यातल्या नाटकांची तिकिटं आणि जाण्यायेण्याची बस आम्ही ठरवून देतो. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, "पुढच्या महिन्यात कोणतं नाटक आहे?" पक्कं उत्तर तेव्हा आमच्याकडेही नसतं. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्यांना आधी मिळतात खऱ्या, पण त्या दिवशी कोणता प्रयोग लागणार हे कलाकारांच्या शूटिंगवर आणि दौऱ्यांवर ठरतं. जाहिरात आली, प्लॅन उघडला (म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली), की मग खरं. म्हणून नाटकाचं नाव अडवून धरू नका. वार, वेळ आणि अंदाजे माणसं सांगून ठेवा. प्लॅन उघडल्या दिवशी आमचा माणूस खिडकीवर असतो.

प्रयोगांच्या वेळा साधारण ठरलेल्या: दुपारी 12.30, सायंकाळी 5.30, रात्री 9.30. ज्येष्ठांना साडेपाचचा सगळ्यात सोयीचा. साडेनऊचा सुटेपर्यंत बारा वाजतात, मग रिक्षावाल्यांशी हुज्जत.

पहिली रांग मागू नका

आग्रह सगळे तिचाच धरतात. तिथे मान वर करून बसावं लागतं आणि अख्खा रंगमंच एका नजरेत मावत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधल्या खुर्च्या, याहून चांगली जागा नाही. नृत्याचा कार्यक्रम असेल तर बाल्कनी घ्या, पावलांची रचना वरूनच कळते, पैसेही वाचतात. मात्र गुडघे दुखणाऱ्यांना बाल्कनीचे जिने नकोत. अशी किती माणसं आहेत ते बुकिंग करतानाच सांगा, त्यांना वाटेच्या कडेच्या खुर्च्या देऊ.

तो तासभर कशासाठी

बालगंधर्व रंगमंदिराला कलादालन आहे. चित्रं, छायाचित्रं, रांगोळी, सुलेखन, कधी बोन्साय, असं काही ना काही तिथे लागलेलं असतं आणि बहुतेक वेळा बघायला पैसे पडत नाहीत. चित्रकार स्वतः तिथेच बसलेला असतो. त्याच्याशी बोला, विकत घ्यायचं नसलं तरी चालतं. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातही कलादालन आहे, आणि शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचाच्या जोडीला सुदर्शन कलादालन. म्हणून आमची बस प्रयोगाच्या तासभर आधी पोचते. चहा-वडा त्यातच उरकतो.

बालगंधर्वमध्ये आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं तिथे आहेत, एकात स्त्रीभूमिकेतले, दुसऱ्यात पुरुषभूमिकेतले. या रंगमंदिराचं भूमिपूजन 1962 मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं. 26 जून 1968 ला, त्यांच्या जन्मदिवशी, ते सुरू झालं. पण त्याच्या आदल्याच वर्षी बालगंधर्व गेले होते. तिसरी घंटा होण्याआधी मोबाइल बंद करायचाच असतो, तो पाच मिनिटं आधी करा आणि ती चित्रं नीट बघा.

वर्षभरात काय केव्हा

जूनअखेरीस बालगंधर्वचा वर्धापनदिन असतो. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक: महाविद्यालयांच्या एकांकिका, प्रेक्षागृहात आरडाओरडा. शांतपणे नाटक बघायची सवय असलेल्यांनी मनाची तयारी करून जावं, पण जावं जरूर. गणपतीत मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, त्या दिवसांत आम्ही बस काढत नाही. दिवाळीत पहाटेच्या मैफली असतात. त्यांच्या प्रवेशिका भराभर संपतात, तेव्हा दसऱ्यालाच कळवा. नोव्हेंबरमध्ये, 5 तारखेच्या रंगभूमी दिनाच्या आसपास, हौशी संघांच्या राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस येतात. तिकीट अगदी स्वस्त असतं. एखादं नाटक फसतं, एखादं व्यावसायिक नाटकाच्या तोंडात मारेल असं निघतं. डिसेंबरमध्ये शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव. त्याची तिकिटं आम्ही काढत नाही, फक्त बस देतो.

पैशांचं

तिकिटांचे पैसे पूर्ण आगाऊ लागतात, बसचे निम्मे. प्रयोग रद्द झाला तर तिकिटाची रक्कम निर्मात्याकडून आली की तुम्हाला देतो. बस निघालेली नसेल तर तिचेही पैसे परत. तुमच्यातलं कोणी ऐनवेळी गळालं तर मात्र ते तिकीट तुमचं तुम्हीच खपवायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना शक्यतो घरी ठेवा. ते जमत नसेल तर दाराजवळच्या खुर्च्या मागून घ्या.