खाडीतली पिल्लं आणि शहराचं मैलापाणी

माहीमच्या खाडीत मिठी नदी येते ती नाल्यांचं मैलापाणी घेऊनच. मुंबईत रोज 200 कोटी लिटरहून जास्त सांडपाणी तयार होतं. त्यातलं काही वरळी आणि वांद्र्याच्या मोठ्या बोगद्यांतून किनाऱ्यापासून 3 किलोमीटरहून जास्त आत समुद्रात सोडतात. नाल्यांतून वाहणारं मात्र थेट खाडीत उतरतं. आणि बोय, जिताडा, कोळंबी यांची पिल्लं वाढतात ती खाडीतच. तिवरांच्या मुळांत त्यांना आडोसा मिळतो, उथळ पाण्यात खाद्य मिळतं.

मैला कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. 28 अंशांच्या खाऱ्या पाण्यात मुळातच लिटरला साधारण साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांचा जीव कासावीस होतो. मोठा मासा पोहत दुसरीकडे जातो. अंड्यातून नुकत्याच आलेल्या पिल्लाचे कल्लेही पुरते तयार नसतात. ते बरंचसं त्वचेतूनच श्वास घेतं आणि प्रवाह नेईल तिकडे जातं. पहाटे ओहोटी असेल तर सगळ्यात वाईट, कारण रात्रभर शेवाळानेही ऑक्सिजन खाल्लेला असतो आणि मैला पातळ करायला समुद्राचं ताजं पाणी आत आलेलं नसतं.

मैल्याबरोबर अमोनियाही येतो. समुद्राचं पाणी अल्कधर्मी, वर आपल्याकडची उष्णता, त्यामुळे त्याचा विषारी अंश वाढतो आणि कल्ल्यांना इजा करतो.

मेलेल्या माशांचा खच पडला की बातमी होते. मला मात्र न दिसणारी हानी जास्त गंभीर वाटते. अनेक पिल्लं लगेच मरत नाहीत, खुंटतात. श्वास घेण्यातच शक्ती गेली की वाढीला उरत नाही, आणि जितके दिवस पिल्लू लहान, तितके दिवस कोणीही त्याला गिळू शकतं. पिल्लाच्या कानात हाडासारखा एक बारीक खडा असतो, त्यावर रोज एक वलय उमटतं. वलयं अरुंद दिसली की वाढ कधी मंदावली ते शास्त्रज्ञांना कळतं.

थोड्या सांडपाण्याने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात, काही जातींना खाद्यही जास्त मिळतं. म्हणून खाडी एकदम ओस पडत नाही; नाजूक जाती आधी जातात.

2023 मध्ये महाराष्ट्राने मासळीच्या 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. नियम योग्यच आहे. पण कोळ्यांनी पिल्लं सोडायची आणि शहराने त्यांच्या खाडीत मैला सोडायचा, हा अन्याय आहे. नाल्यांचं पाणी खाडीत पडण्याआधी शुद्ध व्हायला हवं, आणि खाडीतला ऑक्सिजन भर दुपारी नव्हे, पहाटेच्या ओहोटीला मोजायला हवा.