तारा ऑपरेशनसाठी की ऑपरेशन टाळण्यासाठी?

जबड्याचं ऑपरेशन ठरलेल्या माणसाच्या दातांवर तारा असतात. ऑपरेशन नको म्हणून दुसरा मार्ग धरलेल्याच्या दातांवरही तारा असतात. ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे, तेच, वायर तीच, रबरंही एकाच पाकिटातली. बघणाऱ्याला फरक कळत नाहीच, पण कित्येकदा ज्याच्या तोंडात त्या आहेत त्यालाही सांगता येत नाही. म्हणून तर ‘आधी तारा लावून घेऊ, ऑपरेशनचं मग बघू’ असं सर्रास म्हटलं जातं. गोम अशी की या दोन उपचारांत दात बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सरकवले जातात.

खालचा जबडा पुढे वाढला आहे असं धरू. डॉक्टर याला क्लास थ्री म्हणतात. तोंड मिटलं की वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या मागे जातात. पण असे दात बाजूने पाहिले तर ते सरळ उभे नसतात. वरचे ओठाकडे कललेले, खालचे जिभेकडे झुकलेले. वाढीच्या वयात जीभ, ओठ आणि गाल यांच्या दाबाखाली दातांनीच हाडातलं अंतर भरून काढायची खटपट केलेली असते. त्यामुळे जबड्यांमध्ये समजा 8 मिलिमीटरचा फरक असला, तरी दातांमध्ये तो 3-4 मिलिमीटरचाच भासतो.

ऑपरेशन टाळणारा उपचार ही तडजोड आणखी पुढे नेतो. त्याला कॅमोफ्लाज म्हणतात, म्हणजे हाड आहे तिथेच ठेवून दोष दातांनी झाकायचा. वरचे दात आणखी थोडे पुढे, खालचे आणखी आत. जागा हवी असेल तर खालच्या दोन उपदाढा, म्हणजे सुळ्यांच्या लगेच मागचे दात, काढतात. रबर वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत ताणलेलं असतं, म्हणजे खालची रांग मागे ओढली जाते.

ऑपरेशनच्या तयारीत हीच तडजोड मोडायची असते. कललेले वरचे दात मागे घेऊन उभे करायचे, आत झुकलेले खालचे बाहेर आणायचे. दात काढावे लागले तर बहुधा वरच्या उपदाढा जातात. रबरही उलटं: खालच्या दाढेपासून वरच्या सुळ्यापर्यंत. खालचा जबडा मागे राहिलेला असेल, म्हणजे क्लास टू, तर हे सगळं पुन्हा पालटतं. तिथे झाकण्यासाठी वरच्या उपदाढा काढतात आणि ऑपरेशनसाठी, गरज पडलीच तर, खालच्या.

इतका खटाटोप कशाला, जबडाच कापून मागे सरकवणार आहेत ना? कारण सर्जनला जबडा दात भिडतील तिथपर्यंतच नेता येतो. हाडात 8 मिलिमीटरचा फरक आहे, पण खालचे दात आत झुकलेले असल्यामुळे 4 मिलिमीटरवरच चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची बैठक, जुळला, तर जबडा तिथेच थांबवावा लागतो. उरलेले 4 मिलिमीटर हनुवटीवर तसेच दिसत राहतात. मोठं ऑपरेशन, पूर्ण भूल, महिनोन्‌महिन्यांची तयारी आणि दुरुस्ती अर्धी.

याचा एक परिणाम मात्र आधी कुणी नीट समजावून सांगत नाही. तयारीच्या काळात चावा बिघडतो. लपलेलं अंतर उघडं पडतं, समोरच्या दातांनी घास तोडता येत नाही, काहींचे स-श हे उच्चार घसरतात, खालचा ओठ आणखी पुढे दिसतो. वर्षभर तारा सोसून चेहरा आधीपेक्षा वाईट झालेला पाहून माणूस धास्तावतो, आणि घरचे ‘डॉक्टर बदल’ म्हणू लागतात. योजना ऑपरेशनची असेल तर हे अपेक्षितच आहे. कॅमोफ्लाजमध्ये मात्र महिन्यामागून महिने अंतर वाढतच चाललं असेल, तर डॉक्टरांना विचारायलाच हवं.

मग कुणाला काय? दोष हलका असेल, चावण्या-बोलण्यात अडचण नसेल आणि माणसाला स्वतःचा चेहरा खटकत नसेल, तर कॅमोफ्लाज हा अगदी प्रामाणिक उपचार आहे. त्याला ‘तात्पुरती मलमपट्टी’ म्हणणं मला पटत नाही. पण त्याने हनुवटी हलत नाही, हे आधीच मनाशी पक्कं हवं. दात हलवण्यालाही हद्द आहे. प्रॉफिट आणि अ‍ॅकरमन या अमेरिकी दंततज्ज्ञांनी मांडलेल्या प्रसिद्ध आराखड्यानुसार नुसत्या तारांनी वरचे पटाशीचे दात ढोबळमानाने 7 मिलिमीटर मागे नेता येतात, पुढे मात्र 2 च. ऑपरेशनची जोड दिली की हेच आकडे 15 आणि 10 होतात. खालच्या पटाशीच्या दातांभोवतीचं हाड तर मुळातच पातळ असतं. हद्दीबाहेर ढकललं की हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. हा धोका दोन्ही मार्गांत आहे, म्हणून सुरुवातीलाच हिरड्या तपासून घेतात.

वयाचा प्रश्न क्लास थ्रीमध्ये सगळ्यात नाजूक. खालचा जबडा उशिरापर्यंत वाढतो, मुलग्यांमध्ये तर बऱ्याचदा अठरा ओलांडेपर्यंत. चौदाव्या वर्षी छान झाकलेला चावा सतराव्या वर्षी पुन्हा उलटा होऊ शकतो. तेव्हा ऑपरेशन करायचं ठरलं तर आधी झाकण उघडावं लागतं: आत घेतलेले दात पुन्हा बाहेर, मिटवलेल्या जागा काही वेळा पुन्हा मोकळ्या. काढलेला दात परत येत नाही, आणि त्याच मुळांना व हिरड्यांना दुसऱ्यांदा ताण सोसावा लागतो. म्हणून वाढ थांबली आहे का हे काही महिन्यांच्या अंतराने काढलेले सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचे बाजूने घेतलेले एक्स-रे, एकमेकांवर ठेवून पाहतात. दात काढण्याचा निर्णय त्याआधी घ्यायची घाई करू नये.

याच एक्स-रेवर आपली योजना कोणती, हे रुग्णालाही ओळखता येतं. खालचे पटाशीचे दात जबड्याच्या खालच्या कडेशी साधारण 90 अंशांचा कोन करतात. क्लास थ्रीच्या माणसात तो बहुधा कमी असतो, समजा 82. ‘उपचार संपेल तेव्हा हा कोन किती असेल?’ असं ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे तारा लावणाऱ्या दंततज्ज्ञांना, विचारावं. 90 कडे नेणार असतील तर ती ऑपरेशनची तयारी, आणखी खाली नेणार असतील तर झाकण्याची. उत्तर ‘बघू पुढे’ असं आलं, तर पहिलं ब्रॅकेट चिकटवण्याआधी मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबड्याचं ऑपरेशन करणाऱ्या, सर्जनची भेट घ्यावी. ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन यांनी मिळून योजना ठरवायची ही वेळ असते, दीड वर्षानंतरची नव्हे.

अपवादही आहे. काही ठिकाणी आधी ऑपरेशन आणि दातांची जुळवाजुळव नंतर, असाही क्रम घेतात. जपानमधल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये अशी एक केस प्रसिद्ध केली आणि पद्धतीचा बोलबाला झाला. चावा बिघडण्याचा तो लांबलचक काळ वाचतो, पण दातांची गर्दी आणि कल मुळात बेताचा असेल तरच ते जमतं.

वेळेचं म्हणाल, तर ऑपरेशनआधीच्या तारा साधारण 12 ते 18 महिने, नंतर आणखी सहा महिने ते वर्ष. कॅमोफ्लाज दीड-दोन वर्षांत आटोपतो. रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, दोघांनाही चुकत नाही.

बाकीची तयारी ऑपरेशनवाल्याच्याच वाट्याला येते. खालच्या जबड्यात काप जिथून जातो तिथेच अक्कलदाढ बसलेली असते, त्यामुळे पुष्कळ सर्जन ती सहा महिने आधी काढून ठेवायला सांगतात, म्हणजे हाड भरून येतं. सिगारेट बंद. रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, घोरणं, सगळं भूलतज्ज्ञांना सांगायचं. तोंडात काम चालणार असल्यामुळे श्वासाची नळी नाकातून घालतात, तेव्हा नाकाचं हाड वाकडं असेल किंवा नाक सतत चोंदत असेल तर तेही.

शेवटच्या काही आठवड्यांत जाड चौकोनी वायर बसवतात, तिच्यावर छोटे हूक लावतात आणि दात हलवणं थांबवतात. मग मापं किंवा स्कॅन घेऊन प्लास्टिकची पातळ पट्टी बनते. ऑपरेशनच्या टेबलावर जबडा नेमका कुठे बसवायचा हे तीच ठरवते. या टप्प्यावर ब्रॅकेट निघालं तर त्याच दिवशी फोन करायचा, कारण दात किंचित जरी सरकला तरी पट्टी नीट बसत नाही. कॅमोफ्लाजवाल्याचं ब्रॅकेट निघालं, तर त्याचं पुढच्या तारखेपर्यंत सहसा फारसं बिघडत नाही.