मायक्रोफोन-क्लिप, बदली

मायक्रोफोन-क्लिप, बदली : ध्वनिमुद्रणाचा माइक स्टँडवर धरणारी मूळ पकड हरवली, मोडली किंवा ढिली पडली असता तिच्या जागी शोधून आणलेली वा घडवलेली पकड. मापे दोनच पाहायची असतात : माइकच्या अंगाचा व्यास आणि स्टँडचे आटे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात दुकानात मिळणारी क्लिप बहुतेक गायकांच्या निमुळत्या हातमाइकच्या बेताची असते. स्टुडिओतल्या सरळ नळीच्या माइकला ती टोकाशी धरते आणि मागे सोडते, म्हणून पकड करून घेण्याची वेळ येते.

आटे व त्यांचा उगम : स्टँडवर सर्रास दोन आटे आढळतात. अमेरिकी वळणाचा ५/८ इंच (१५.८७५ मि.मी.), इंचाला २७ आटे, आणि युरोपीय वळणाचा ३/८ इंच (९.५२५ मि.मी.), इंचाला १६ आटे. क्वचित अर्ध्या इंचाचाही येतो. नॉयमान या जर्मन माइक-कंपनीच्या क्लिपांबरोबर अर्धा व ३/८ इंचासाठी जोडबुश (आतून-बाहेरून वेगवेगळे आटे असलेली छोटी नळी) दिलेली असते ती यामुळेच.

२७ हा आकडा कोठून आला याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो अमेरिकेतील दिव्यांच्या पितळी नळ्यांवरून आला. पातळ नळीवर खोल आटे पाडले तर ती चिरते; म्हणून व्यास कोणताही असो, आटे बारीक आणि एकाच पिचचे (दोन लगतच्या आट्यांतले अंतर) ठेवण्याची रीत तेथे पडली. ब्रिटिश पितळी आट्यांतही सर्व व्यासांना इंचाला २६ हेच प्रमाण दिसते, आणि त्यामुळे या मताला बळ मिळते. दुसरे मत १/८ इंचाच्या अमेरिकी पाइप-आट्याकडे बोट दाखवते, कारण त्यालाही २७ आटे असतात. पण तो आटा निमुळता, शिवाय बाहेरून जेमतेम १०.३ मि.मी.; साम्य पिचपुरतेच उरते. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. ३/८ इंचाचा आटा छायाचित्रणाच्या तिपाईवरही असतो. त्याचे मूळ इंग्रज अभियंता व्हिटवर्थ याच्या १८४१ मधील ५५ अंशी (आट्याच्या खाचेचा कोन) पद्धतीत आहे. अमेरिकी अभियंता सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशी पद्धत मांडली. ३/८ इंचाला दोन्हींत १६ आटे असल्याने ते एकमेकांत बसतात. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थ १२ आणि अमेरिकी १३, त्यामुळे तेथे जबरदस्ती करू नये.

लेथवर बुश करणे : बेळगावच्या उद्यमबागेतील लेथवाल्यांचा हात हायड्रॉलिक जोडण्यांवर बसलेला असतो. तेथे नुसते ‘तीन सुताचे आटे’ म्हटले की ३/८ चा पाइप-आटा गृहीत धरला जातो. तो बाहेरून १६.६६ मि.मी. व इंचाला १९ आट्यांचा असतो, आणि माइकस्टँडशी त्याचा काही संबंध नाही. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) म्हणून माप मिलिमीटरमध्ये लिहून द्यावे, सोबत जुनी बुश नमुना म्हणून न्यावी. मोडकी क्लिप टाकण्याआधी तिच्यातली बुश काढून ठेवावी, ती याच कामी येते.

नेहमी लागते ती बुश बाहेरून ५/८–२७ व आतून ३/८–१६ अशी असते. पितळी सळई १५.८ मि.मी.ला उतरवावी, मध्ये ८ मि.मी. भोक पाडून ३/८ चा टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार) मारावा, लांबी १० ते १२ मि.मी. ठेवावी आणि माथ्यावर नाणे बसेल अशी चीर द्यावी. इंचाला चार आट्यांच्या लीडस्क्रूवर (लेथचे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) २७ आटे काढण्यासाठी २०/४५ व ३०/९० अशी गिअरजोडी चालते. क्लिपमधल्या मादी (आतल्या) ५/८–२७ आट्यासाठी भोक १४.९ मि.मी. लागते.

सर्वांत नडणारी चूक म्हणजे २७ चा टॅप नाही म्हणून एम१६×१ चा (१६ मि.मी. व्यास, १ मि.मी. पिच) मारून देणे. नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. पण दहा आट्यांची लांबी एकीकडे ९.४१ मि.मी., तर दुसरीकडे १० मि.मी. भरते. क्लिप एक-दोन फेरे सुरळीत जाते, मग अडते. तेथे पाना लावला की स्टँडचे आटे सोलून निघतात. पिचगेज (आट्यांचे अंतर तपासणारी दातेरी पट्टी) लावून पाहिल्याशिवाय नग ताब्यात घेऊ नये.

पकड : नॉयमान केएम ८४ चा व्यास २१ मि.मी., केएम १८४ चा २२ आणि रोड एनटी५ चा २० मि.मी. एका मिलिमीटरनेही पकड बदलते. आतला व्यास माइकपेक्षा अर्धा मि.मी. कमी आणि वेढा सुमारे २४० अंशांचा ठेवावा. २० मि.मी.च्या माइकला आतून १९.५ मि.मी. घेतल्यास तोंड १६.९ मि.मी. उघडे राहते. वेढा वाढवला तर माइक घालताना रंगावर ओरखडे येतात. कमी केला तर स्टँड तिरका करताच माइक निसटतो.

थ्रीडी छपाईत पकडीचा इंग्रजी ‘सी’ बेडवर आडवा ठेवून छापावा. उभा छापला तर वाकताना थर सुटतात आणि बाहू मुळाशीच तुटतो. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत राहिलेली क्लिप उघडून पसरते. त्यापेक्षा पीईटीजी हे प्लास्टिक, भिंत ३ मि.मी., हे बरे. आटे छापू नयेत, पितळी बुश बसवावी. छपाईची सोय नसेल तर वायरिंगच्या पीव्हीसी पाइपाचा २५ ते ३० मि.मी. तुकडा कापून, उकळत्या पाण्यात मऊ करून, योग्य व्यासाच्या सळईवर आकार देता येतो. पाइपाची जाडी कंपनीगणिक बदलते, म्हणून व्हर्नियर लावूनच घ्यावा.

झुलती पकड : मोठ्या माइकच्या झुल्यातले (माइक रबरावर टांगून धरणारी चौकट) रबर तडकले तर शिवणकामाच्या दुकानातले ३ मि.मी. गोल इलास्टिक चालते. ते ताठ ओढू नये. माइक टांगल्यावर ४ मि.मी.च्या आसपास खाली बसला पाहिजे. त्यावेळी झुल्याची स्वतःची कंपनसंख्या ८ हर्ट्झच्या घरात येते आणि जमिनीतून येणारी धडधड माइकपर्यंत फारशी पोचत नाही. माइक जरासुद्धा खाली बसला नाही तर झुला आणि साधी क्लिप यांत फरक उरत नाही. गाठ आतल्या कड्याला लागू देऊ नये, नाहीतर तीच धडधड गाठीतून माइकमध्ये उतरते.